‘काही सापडलं नाही, गाडी ओके आहे’: मोटारसायकलच्या सर्व्हिस सेंटरशी अडलेला वाद सोडवताना

आधी लक्षणं. यातली दोन जरी जुळली तरी पुढचं वाचा.

- तीच तक्रार घेऊन तुम्ही दुसऱ्या-तिसऱ्यांदा गेला आहात आणि दर वेळी गाडी धुऊन-पुसून ‘ओके’ होऊन परत येते.
- ‘या मॉडेलला असा आवाज येतोच’ असं तोंडी सांगतात, लिहून मात्र कुणी देत नाही.
- बिलात असं काम आहे जे तुम्ही सांगितलंच नव्हतं. किंवा सांगितलेलं काम बिलात आहे, गाडीत दिसत नाही.
- ‘कंपनीकडून अजून उत्तर नाही’ यावर आठवडे गेले.
- वॉरंटी नाकारली आणि कारण एका शब्दात उरकलं: ‘मिसयूज’, ‘बाहेरचं फिटिंग’, ‘वेअर अँड टेअर’.
- सर्व्हिसला टाकण्यापूर्वी नसलेला दोष सर्व्हिसनंतर सुरू झाला.

मी काही वर्षं काउंटरच्या आतल्या बाजूला तक्रारी लिहून घेत बसलो, अ‍ॅडव्हायझर म्हणून. आता बाहेर आहे. पण ओळखीपाळखीत कुणाची गाडी अशी अडली की जॉब कार्डांची (गाडी जमा करताना तक्रार लिहून घेतात त्या कागदांची) चळत घेऊन माणूस माझ्याकडे येतो, आणि दहातल्या सात-आठ वेळा भांडणाचं मूळ एकच निघतं: गाडीवाल्याने जे पाहिलं ते मेकॅनिकने कधी पाहिलेलंच नसतं. दोघंही खरं बोलत असतात, दोघांनाही समोरचा खोटारडा वाटतो. म्हणून हा वाद मी बिघाडासारखाच शोधतो, सोप्या आणि फुकटच्या तपासणीपासून सुरुवात करून.

त्याआधी: काही बाबतीत वाद नंतर, गाडी आधी

ब्रेक लिव्हर मऊ लागतोय, पेट्रोलचा वास किंवा गळती आहे, हँडल अडकतंय, चाकाच्या अ‍ॅक्सलचा नट सैल दिसतोय, ड्रेन बोल्टमधून गळालेलं तेल मागच्या टायरवर येतंय, चालत्या गाडीचं इंजिन अचानक बंद पडतंय: यातलं काहीही असेल तर गाडी चालवत सर्व्हिस सेंटरला नेऊ नका. जागेवर फोटो काढा, फोन करा, गाडी टो करून न्या. ‘चालवत आणली म्हणजे फार काही नव्हतं’ हा युक्तिवाद मी आतून ऐकलाय. पण तो राहू दे, मुख्य गोष्ट ही की असे दोष स्वतः तपासायचे नसतातच.

1. जुनी जॉब कार्डं एका रांगेत लावा

खर्च शून्य, वेळ अर्धा तास. सगळी जॉब कार्डं आणि बिलं तारखेनुसार लावा आणि प्रत्येकावर फक्त तीन गोष्टी शोधा: तुमची तक्रार कोणत्या शब्दांत लिहिली आहे, आत येताना ओडोमीटर किती होता, बाहेर जाताना किती.

तक्रारीच्या रकान्यात बहुतेक वेळा ‘स्टार्टिंग प्रॉब्लेम’, ‘नॉइज’, ‘जनरल चेकअप’ असं काहीतरी सापडेल. तुम्ही काउंटरवर पाच मिनिटं तळमळून सांगितलं त्याचे दोन शब्द झाले. मेकॅनिक तुम्हाला कधी भेटलेला नसतो. त्याच्यासाठी ते दोन शब्दच तुमची तक्रार. तो गाडी सुरू करतो, ती सुरू होते, तो लिहितो ‘ओके’. यात लबाडी नाही.

ओडोमीटर याहून बोलका. ‘टेस्ट राईड घेतली’ असं लिहिलंय आणि आत-बाहेरच्या आकड्यात एक किलोमीटरचा फरक आहे, तर तुमचा 40 मिनिटांनी येणारा दोष त्यांना दिसणं शक्यच नव्हतं. हे आरोप म्हणून बोलू नका. पुढच्या भेटीत शांतपणे दाखवा: ‘एक किलोमीटरच चालली होती, दोष त्यानंतर येतो.’ समोरच्याला मान खाली न घालता ‘मग परत बघू’ म्हणायला जागा राहते.

जॉब कार्डाची प्रतच दिली नसेल तर आज मागून घ्या. बहुतेक ठिकाणी गाडीची सगळी नोंद चेसिस नंबरावर संगणकात असते आणि ती छापून मिळते. वॉरंटी संपायच्या आत पहिली तक्रार नोंदली गेली होती का, हे याच कागदावरून ठरतं. पुढे वॉरंटी संपली तरी ‘दोष आतच नोंदवला होता’ एवढं म्हणता आलं की बोलणीच बदलतात.

2. ओनर्स मॅन्युअल आणि वॉरंटीची पुस्तिका

सीटखाली प्लॅस्टिकच्या पिशवीत असते ती. अर्धे वाद इथेच मिटतात, कधी तुमच्या बाजूने, कधी विरुद्ध.

वॉरंटीच्या पुस्तिकेत ‘काय समाविष्ट नाही’ ते पान आधी वाचा. ब्रेक पॅड, क्लच प्लेट, चेन-स्प्रॉकेट, टायर, बल्ब, फिल्टर हे झिजणारे भाग साधारणपणे वॉरंटीबाहेर असतात. पण झिजणं वेगळं आणि सदोष असणं वेगळं. ब्रेक डिस्कवर किमान जाडी बहुधा कोरलेलीच असते. तुमची डिस्क त्याहून बरीच जाड आहे आणि तरी लिव्हरमध्ये धडधड जाणवते, तर विषय झिजेचा नाही, डिस्क वाकडी फिरते का याचा आहे, आणि ते डायल गेजने मोजता येतं. ‘वेअर अँड टेअर’ या शब्दाला उत्तर म्हणून एकच प्रश्न विचारायचा: मोजमाप किती आलं आणि मर्यादा किती आहे?

मॅन्युअलमधून आणखी दोन गोष्टी टिपून घ्या. पहिली, सर्व्हिसचं वेळापत्रक. तुमची एखादी सर्व्हिस चुकली किंवा फार उशिरा झाली असेल तर समोरचा तिथेच बोट ठेवणार, तेव्हा ते आधी तुम्हाला माहीत असू दे. दुसरी, तुमच्या तक्रारीशी संबंधित आकडे: चेनचा ढिलेपणा, थंड टायरमधला दाब, आयडल आरपीएम (गाडी उभी असताना इंजिन मिनिटाला किती फेरे घेतं ते).

मग चेसिस नंबर घेऊन निर्मात्याच्या वेबसाइटवर रिकॉल (दोष निघालेल्या गाड्या कंपनीने दुरुस्तीसाठी परत बोलावणं) आहे का बघा. तो 17 अक्षरांचा नंबर असेल तर त्यात इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही अक्षरं कधीच नसतात. तिथे जे ‘ओ’सारखं दिसतं ते शून्य आहे. ‘नंबर सापडत नाही’ म्हणून परत फिरणारे लोक मी पाहिलेत म्हणून सांगतो. सुरक्षिततेच्या रिकॉलचं काम निर्माता स्वतःच्या खर्चाने करून देतो, मग वाद कसला? याशिवाय सर्व्हिस बुलेटिन नावाचा प्रकार असतो: ठरावीक मॉडेलला ठरावीक दोष येतो आणि तो असा दुरुस्त करा, अशी कंपनीची वर्कशॉपला सूचना. हे काम आपोआप होत नाही, तक्रार करणाऱ्याचंच होतं. म्हणून काउंटरवर सरळ विचारा, ‘या लक्षणावर या मॉडेलसाठी काही बुलेटिन आहे का?’ हा प्रश्न विचारणारा ग्राहक क्वचितच येतो, आणि आला की अ‍ॅडव्हायझर खुर्चीत जरा सरळ बसतो.

3. स्वतःची बाजू तपासा

इथे लोकांना राग येतो. मलाही आला होता.

एका नातेवाइकाची नवीकोरी गाडी, बॅटरी दर चार-पाच दिवसांनी उतरायची. सर्व्हिस सेंटर म्हणे बॅटरी चांगली आहे. मी त्यांच्या वतीने फोनवर बराच आवाज चढवला. शेवटी स्वतः मल्टिमीटर लावला तर किल्ली बंद असतानाही चांगलाच करंट जात होता, आणि माग काढत गेलो तर सीटखाली मुलाने बसवलेला जीपीएस ट्रॅकर, थेट बॅटरीच्या टर्मिनलला जोडलेला. मला फोन करून माफी मागावी लागली.

तेव्हा काउंटरवर जाण्याआधी एवढं कराच. बाहेरून लावलेलं सगळं (जादा लाइट, हॉर्न, चार्जर, ट्रॅकर, अलार्म) काढून किंवा त्याची जोडणी तोडून दोन-चार दिवस गाडी चालवा. दोष गेला, तर वाद संपला. राहिला, तर ‘बाहेरचं फिटिंग’ हा मुद्दा तुम्ही आधीच निकालात काढलात. सायलेन्सर बदललेला असेल किंवा ईसीयूचं (इंजिन चालवणाऱ्या संगणकाचं) मॅपिंग बदलून घेतलं असेल तर मूळ स्थितीवर आणल्याशिवाय इंजिनच्या तक्रारीत हात घालू नका. तिथे तुमची बाजू लंगडीच राहणार. पण सायलेन्सर बदललाय म्हणून स्पीडोमीटरची वॉरंटी नाकारत असतील, तर या दोन्हींचा संबंध कसा, हे लेखी मागा. बहुधा कुणी देत नाही.

बॅटरीची तक्रार असेल तर साधा मल्टिमीटर पुरतो. रात्रभर उभ्या असलेल्या 12 व्होल्टच्या पूर्ण चार्ज लेड-अ‍ॅसिड बॅटरीवर सुमारे 12.6 ते 12.8 व्होल्ट दिसले पाहिजेत. इंजिन मध्यम आरपीएमवर असताना 13.5 ते 14.5च्या आसपास. बॅटरी चांगली आणि चार्जिंगचा आकडा 13च्या खाली, म्हणजे तक्रार बॅटरीची नाही, चार्जिंगची आहे. आणि इतके दिवस तुम्ही चुकीच्या भागावरून भांडत होता.

डगमगणं, एका बाजूला ओढणं, खालून येणारी घरघर या तक्रारींत आधी थंड टायरचा दाब आणि चेनचा ताण बघा. जास्त ताणलेली चेन बेअरिंग खराब झाल्यासारखा आवाज करते. चेन सगळीकडे सारखी झिजत नाही, म्हणून चाक फिरवत जिथे ती सर्वांत घट्ट लागते तिथे मोजा.

4. तक्रार नव्याने लिहा

आता कागद-पेन. वर्कशॉपमध्ये वॉरंटीचा क्लेम कसा चालतो हे कळलं तर ही पायरी का महत्त्वाची ते पटेल. भाग बदलला की डीलर निर्मात्याकडे क्लेम टाकतो आणि त्यात तीन गोष्टी जुळाव्या लागतात: ग्राहकाची तक्रार, सापडलेलं कारण, केलेला उपाय. बदललेला भाग बरेचदा तपासणीसाठी परत मागवला जातो. तक्रार आणि कारण जुळलं नाही तर क्लेम नामंजूर होतो आणि खर्च डीलरच्या डोक्यावर बसतो. भरीस भर म्हणजे वॉरंटीच्या कामाला कंपनीने ठरवून दिलेला वेळ अनेकदा तुटपुंजा असतो, आणि लपलेला दोष शोधण्यात गेलेला तास मेकॅनिकला कुणी मोजून देतोच असं नाही. अ‍ॅडव्हायझर ‘बघू’ म्हणून टाळतो तेव्हा तो तुमच्याशी नाही, या हिशेबाशी भांडत असतो. तुमची तक्रार नेमकी असली की त्याचंच काम हलकं होतं.

वाईट तक्रार: ‘गाडी मध्येच बंद पडते.’

चांगली तक्रार: ‘सुमारे 40 मिनिटं चालवल्यानंतर, रेडिएटरचा फॅन सुरू झाल्यावर, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये कमी वेगात इंजिन बंद पडतं. स्टार्टर फिरतो पण इंजिन पकडत नाही. 10 ते 15 मिनिटं थांबल्यावर पुन्हा सुरू होतं. गेल्या दोन आठवड्यांत चार वेळा. टाकी अर्धी आणि पूर्ण, दोन्ही वेळी. पावसाचा संबंध नाही.’

दुसऱ्या तक्रारीत निदान कुठेच नाही, हे बघा. ‘फ्युएल पंप गेलाय’ असं तुम्ही लिहिलंत की वर्कशॉप फ्युएल पंप तपासेल, तो चांगला निघेल आणि कार्ड बंद होईल. तुम्ही लक्षण लिहा, कारण त्यांना शोधू दे.

व्हिडिओ जरूर काढा, पण त्यात एकाच वेळी मीटर, तापमान आणि आवाज यायला हवा. अर्थात गाडी उभी असताना, किंवा दुसऱ्या कुणीतरी काढलेला. चेक इंजिनचा दिवा लागला असेल तर त्याचाही फोटो. आणि गाडी देताना जॉब कार्डावर लिहून घ्या: ‘फॉल्ट कोड पुसण्याआधी नोंदवून ग्राहकाला दाखवणे.’ स्कॅनरने कोड (गाडीच्या संगणकाने नोंदवलेला दोषाचा क्रमांक) वाचला की पुढचं बटण तो पुसायचं असतं, आणि सवयीने ते दाबलं जातं. पुसला की दोष पुन्हा येईपर्यंत तुमच्याकडे पुरावा नाही.

5. एकत्र टेस्ट राईड

सगळ्या पायऱ्यांत मला हीच सर्वांत मोलाची वाटते, आणि लोक हीच टाळतात. गाडी सकाळी टाकून संध्याकाळी घेऊन जाण्यापेक्षा एक दिवस स्वतः तिथे काढा. सुरुवातीला सांगितलेल्या धोक्याच्या दोषांत मात्र रस्त्यावर राईड नको, गाडी तिथेच उभी ठेवून दाखवा.

वरचं 40 मिनिटांचं उदाहरण खरं आहे. ओळखीतल्या एका ताईंची गाडी, तीन भेटी, तीनदा ‘ओके’. गाडी रात्रभर वर्कशॉपमध्ये उभी राहायची, सकाळी थंड इंजिनावर तपासणी व्हायची, सगळे आकडे बरोबर यायचे. चौथ्या वेळी आम्ही आधी फोन करून फोरमनची वेळ घेतली आणि गाडी टो करून नेली, मग ताईंनी ती दारातच अर्धा-पाऊण तास उभ्या जागी चालू ठेवून तापवली. इंजिन बंद न करता फोरमनला बसवलं. दहा मिनिटांत गाडी त्याच्याच हातात बंद पडली. त्याने तिथेच, तापलेल्या अवस्थेत, क्रँकशाफ्टच्या जवळच्या पल्सर कॉइलचा (क्रँक फिरतोय हे ईसीयूला कळवणाऱ्या सेन्सरचा) रेझिस्टन्स मोजला. सर्किट उघडं. अर्ध्या तासाने थंड झाल्यावर तोच आकडा पुन्हा बरोबर. या कॉइलच्या आतली बारीक तार उष्णतेने प्रसरण पावली की तुटका सांधा उघडतो आणि थंड झाला की परत टेकतो. ईसीयूला क्रँकचा सिग्नल मिळाला नाही की ठिणगी नाही, इंजेक्शन नाही. तीन भेटींत मेकॅनिक खरंच बोलत होता, त्याच्यासमोर ती कॉइल प्रत्येक वेळी चांगलीच होती.

त्या दिवशी फोरमनचा सूर बदलला तो माफीमुळे नाही. दोष त्याला स्वतःच्या हातात लागला, इतकंच.

राईड कशी मागायची? ‘तुम्ही नीट बघत नाही’ असं म्हणून नाही. ‘दोष कसा आणायचा ते मला माहीत आहे, मी दाखवतो, कुणीतरी सोबत या’ असं म्हणून. निघताना ट्रिप मीटर शून्य करा. आधी तुम्ही चालवा, ते मागे, मग उलट. दोष आला की जागीच थांबा आणि त्यांनाच विचारा, ‘याला तुम्ही काय म्हणाल?’ जो शब्द ते वापरतील तोच जॉब कार्डावर लिहायला सांगा. आणि दोष आलाच नाही तर तेही प्रामाणिकपणे लिहू द्या, किती किलोमीटर आणि कोणत्या परिस्थितीत, यासकट.

‘असा आवाज सगळ्यांनाच येतो’ हे उत्तर असेल तर आणखी सोपं. तिथेच त्याच मॉडेलची डेमो गाडी किंवा सर्व्हिसला आलेली दुसरी गाडी असते. दोन्ही शेजारी शेजारी सुरू करा, तेवढ्याच तापमानाला. आवाज सारखा असेल तर तुमची गाडी खरंच तशीच आहे, मान्य करा आणि घरी जा. मी अशा निम्म्या वेळा घरी आलोय.

बिलाचा वाद वेगळा

यात तपासणीचा क्रम लागत नाही, म्हणून नंबर दिला नाही.

‘अर्ध्या तासात काम झालं आणि लेबर दीड तासाचं’ ही तक्रार सहसा टिकत नाही. लेबर बरेचदा घड्याळावर नसतं, त्या कामाला ठरवून दिलेल्या वेळेवर असतं. सराईत हाताने लवकर केलं तर फायदा वर्कशॉपचा, बोल्ट तुटून दिवस गेला तर तोटाही त्यांचाच. एकाच कामासाठी दोनदा लेबर लागलंय का, हे मात्र बघा. टाकी आणि फेअरिंग एकदाच काढून तीन कामं झाली आणि तिन्हींत काढ-घालीचा वेळ मोजला, असं होतं.

तेलाचा आकडा मॅन्युअलशी ताडून पाहा. अनेक गाड्यांना तिथे तीन आकडे असतात: नुसतं तेल बदलताना, फिल्टरसकट बदलताना, आणि इंजिन पूर्ण उघडल्यावर. सर्वांत मोठ्या आकड्याचं बिल आणि काम मात्र पहिल्या प्रकारचं, हे दाखवून दिलं की बिल दुरुस्त होतं.

‘तपासलं, ठीक आहे’ याचे पैसे लावले असतील तर मोजमाप मागा. व्हॉल्व्ह क्लिअरन्स (व्हॉल्व्हपाशी ठेवलेली बारीक फट) थंड इंजिनावर, मिलिमीटरच्या शंभराव्या भागात मोजतात आणि प्रत्येक व्हॉल्व्हचा आकडा वेगळा येतो. मोजलं असेल तर आकडे कुठेतरी खरडलेले असणारच.

बदललेले जुने भाग हवे असतील तर ते गाडी देतानाच लिहून घ्या. संध्याकाळी मागितलेत तर ते भंगाराच्या डब्यात गेलेले असतात. वॉरंटीत बदललेला भाग घरी मिळत नाही, पण पाहता येतो, फोटो काढता येतो. टायर बदलला असेल तर बाजूवरचे शेवटचे चार आकडे वाचा: 1424 म्हणजे 2024 सालच्या 14व्या आठवड्यात बनलेला.

आणि बिल चुकीचं वाटलं तरी गाडी तिथे सोडून येऊ नका. बिल थकलं तर गाडी अडवून ठेवायचा हक्क अनेक देशांत वर्कशॉपला असतो, वर जागाभाडं चढत जातं. रक्कम भरा आणि बिलाच्या दोन्ही प्रतींवर हाताने लिहा: ‘अमुक कामाबद्दल हरकत नोंदवून पैसे भरले’, खाली तारीख आणि सही. कर्जावर गाडी घेतली असेल तर हप्ता थांबवू नका. त्या भांडणाशी बँकेला घेणं-देणं नाही, नाव मात्र तुमचं खराब होईल.

6. एक पायरी वर, एक पान कागद

अ‍ॅडव्हायझर, मग वर्क्स मॅनेजर, मग डीलरशिपचा मालक, मग निर्मात्याचा ग्राहक विभाग. पायऱ्या गाळू नका. थेट कंपनीला लिहिलेला मेल फिरून त्याच वर्क्स मॅनेजरच्या टेबलावर येतो, फक्त आता तो चिडलेला असतो.

डीलर आणि निर्माता हे बहुतेक वेळा दोन वेगळे व्यवसाय असतात. कोणाचं चुकलं त्यावर कोणाला लिहायचं ते ठरतं. गाडीतच दोष असेल तर जबाबदारी निर्मात्याकडे जाते. सर्व्हिस करताना काही बिघडवलं असेल तर ती डीलरची. निर्मात्याचा सर्व्हिस इंजिनिअर अधूनमधून डीलरशिपला येतो. तो कधी येणार आहे ते विचारा आणि त्या दिवशी गाडी तिथे ठेवा. डीलर स्वतःच्या अधिकारात जे मंजूर करू शकत नाही ते हा माणूस करू शकतो, वॉरंटी नुकतीच संपली असेल तर निर्मात्याकडून गुडविल म्हणून खर्चाचा वाटा मिळवून देणंही त्यात आलं.

पत्र एका पानाचं. चेसिस नंबर, खरेदीची तारीख, मग तारीखवार भेटी: कार्ड नंबर, किलोमीटर, तक्रार, त्यांनी काय लिहिलं. शेवटी एकच मागणी आणि एक मुदत, दहा कामकाजाचे दिवस वगैरे. लोक दुरुस्ती, भरपाई, माफी आणि मेकॅनिकवर कारवाई असं सगळं एका पत्रात मागतात; मग उत्तर देणारा त्यातलं सर्वांत स्वस्त ते निवडतो आणि माफी देऊन मोकळा होतो. फोनवर बोलणं झालं तर त्याच संध्याकाळी दोन ओळींचा मेल टाका: ‘आज आपलं असं ठरलं.’

जाहीरपणे नाव घेऊन लिहिण्याबद्दल: माझं मत विचाराल तर मुदत संपेपर्यंत नको. एकदा ते केलं की समोरचा माणूस दुरुस्तीचा विचार सोडून स्वतःच्या बचावाला लागतो.

7. बाहेरच्या मेकॅनिकचा अहवाल

इथे पहिल्यांदा खिशाला चाट बसते. तिऱ्हाईत, अनुभवी मेकॅनिककडून तपासणी करून घ्या, पण एक अट: पाहायचं, मोजायचं, उघडायचं नाही. इंजिनचं कव्हर उघडलं, गॅस्केट बदललं की ‘बाहेर उघडली’ हे नवीन कारण तुम्हीच हातात दिलंत. कॉम्प्रेशन आणि लीक-डाऊन (सिलिंडर दाब किती धरतो ते), चार्जिंग व्होल्टेज, डिस्कची जाडी, तेलाची पातळी, फॉल्ट कोड हे इंजिन न उघडता होतं. तोंडी मत उपयोगाचं नाही. आकडे, तारीख, ओडोमीटर आणि सही असलेला कागद हवा. ज्याला तुमची दुरुस्ती स्वतः करायची घाई आहे त्याच्याकडून तो घेऊ नका.

उघडावंच लागणार असेल तर डीलरला आधी लेखी कळवा आणि त्यांच्या माणसाला हजर राहायला बोलवा. नाही आले तरी बोलावल्याची नोंद राहते.

8. इथे थांबा, वकील गाठा

पुढच्या गोष्टी माझ्यासारख्याच्या किंवा तुमच्या आवाक्यातल्या नाहीत. त्या दोषामुळे अपघात झाला, कुणाला इजा झाली: गाडी दुरुस्त करू नका, विकू नका, आहे त्या स्थितीत ठेवा, विमा कंपनीला कळवा आणि वकिलाला भेटा. सुटलेला भाग, तुटलेला बोल्टही जपून ठेवा. इंजिन किंवा फ्रेमचा खर्च गाडीच्या किमतीच्या जवळ चाललाय, कागदपत्रात फेरफार दिसतोय, डीलरशिप बंद झाली किंवा हात बदलले, किंवा तुम्हाला ‘यापुढे कोणताही दावा करणार नाही’ अशा मजकुरावर सही करायला सांगताहेत: इथेही वकील. त्या सहीसाठी गाडीची चावी अडवली तरी सही आधी करू नका.

ग्राहक न्यायालयात किंवा तुमच्याकडे जी तक्रार यंत्रणा असेल तिथे जायला मुदत असते आणि ती तुमच्या-त्यांच्या मेलामेलीमुळे थांबेलच असं नाही. ती मुदत आजच शोधून ठेवा, भांडण मिटेल असं वाटत असलं तरी. काही ठिकाणी ठरावीक वेळा दुरुस्ती फसली की नवीन वाहन बदलून किंवा पैसे परत मागता येतात, पण त्या कायद्यात मोटारसायकल बसते की फक्त चारचाकी, हे ठिकाणागणिक बदलतं. वकिलाला पहिला प्रश्न हाच विचारा.

वाद मिटून गाडी परत मिळाली तर गेट पास घेण्याआधी तिथेच तापवून चालवून पाहा, आणि जॉब कार्डावर सापडलेलं कारण व बदललेल्या भागाचा नंबर दोन्ही लिहिलेले आहेत का बघा. ताईंच्या कार्डावर चौथ्या वेळीही आधी फक्त ‘चेक्ड अँड ओके’ लिहिलं होतं. फोरमनला परत बोलावून ‘पल्सर कॉइल बदलली’ असं लिहून घ्यावं लागलं.